ज्या कबरीवर भांडण नाही

शाळेची सहल ठरवायला आम्ही शिक्षक बसलो होतो. दौलताबाद, वेरूळ आणि परतताना खुलताबाद, अशी एका दिवसाची साधी सहल. तिसरं नाव वाचल्याबरोबर खोली शांत झाली. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, खुलताबाद राहू द्या. दिवस बरे नाहीत." दुसरे म्हणाले, मुलांच्या हातात मोबाईल असतात, कोणी तिथे फोटो काढला, स्टेटसला ठेवला, तर निस्तरणार कोण? त्यांचं चुकत नव्हतं. मार्च २०२५ मध्ये त्या गावातल्या एका कबरीवरून नागपुरात दंगल झाली होती. कबर खुलताबादेत, दगडफेक शेकडो किलोमीटर दूर. उर्दू शाळेची बस तिथे थांबणार म्हटल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येणारच.

शेवटी तडजोड झाली. बस खुलताबादला थांबेल, पण 'त्या' कबरीपाशी नाही. मी म्हटलं, ठीक आहे, आपण मलिक अंबरकडे जाऊ. कोणाची हरकत नव्हती. हरकत घ्यायला मलिक अंबर आठवावा तरी लागतो.

गावाबाहेरचा तो दगडी घुमट आम्ही पोचलो तेव्हा रिकामा होता. आत पारवे होते, भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावं होती, बाणाने छेदलेलं एक बदाम होतं. मुली वहीत घुमटाचं चित्र काढत होत्या. नववीतल्या एकीने मध्येच विचारलं, "मॅडम, या कबरीवर कोणीच भांडत नाही का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "म्हणूनच इथे कोणी येत नाही."

त्या मुलीचं वाक्य घेऊन मी हे लिहायला बसले आहे. आपल्याकडे जुनी इमारत दोनच प्रकारे जगते, भांडणाने किंवा दुर्लक्षाने. कायद्याने ज्याला संरक्षण म्हटलं आहे तो तिसरा प्रकार. तो कागदावर आहे, निळ्या फलकावर आहे, गावात मात्र शोधावा लागतो. हे असं का झालं याचा दोष मी एकाच बाजूला देणार नाही. तोडा म्हणणाऱ्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत, सरकारला सांगायच्या आहेत, आणि सगळ्यात जास्त आपल्या माणसांना सांगायच्या आहेत.

आधी गावाची ओळख करून देते, कारण आजकाल खुलताबाद म्हटलं की एकच नाव ऐकू येतं. मराठीत खुलताबाद, उर्दूत खुल्दाबाद आणि जुन्या माणसांच्या तोंडी नुसतं रौजा. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर, तटबंदी आणि वेशी असलेलं हे तालुक्याचं छोटं गाव. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनेत आले, १३३७ मध्ये वारले आणि इथे दफन झाले. पुढे त्यांचे खलिफा जैनुद्दीन शिराझी इथेच विसावले. आपल्या पीरांचे बोल 'फवाइदुल फुआद'मध्ये लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्झी इथे आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथे आहे, आणि त्याचं राज्य बुडवणारा औरंगजेबही इथेच आहे. पहिला निजाम आसफजाह इथे आहे. अठराव्या शतकातले मोठे विद्वान आझाद बिलग्रामी इथे आहेत. याच गावात निद्रिस्त मूर्तीचं भद्रा मारुती देवस्थान आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. घाट उतरलं की वेरूळ. तिथे कैलास लेणं आहे, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं घृष्णेश्वर आहे, भोसल्यांची गढी आहे. अलीकडे कागजीपुऱ्यात हातकागद बनवणारी घराणी होती. कित्येक शतकांचा इतिहास एका सकाळी पायी बघता येईल एवढ्या अंतरात आहे.

आणि आपण या सगळ्यातून एक कबर उचलतो. ती तोडायची की राखायची एवढाच प्रश्न विचारतो.

तोडा म्हणणाऱ्यांशी मी औरंगजेबाच्या गुणदोषांवर वाद घालणार नाही. त्याने भाऊ मारले, बापाला कैदेत ठेवलं, संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. हे मी वर्गात शिकवते. शिकवताना माझा आवाज खाली जात नाही आणि समोरच्या मुस्लीम मुलींनाही त्यात आपला अपमान वाटत नाही. तो आमचा कोणी लागत नाही. पण कायदा कबरीचं संरक्षण करतो म्हणजे आतल्या माणसाचा सत्कार करतो, हे कोणी सांगितलं? संरक्षण म्हणजे पुरावा जपणं. खून झाला की पोलीस चाकू जपून ठेवतात, पिशवीत घालून मोहोर लावतात. खुन्याबद्दल प्रेम असतं म्हणून ठेवतात का?

पुरावा काय सांगतो तेही बघा. ज्या घराण्याने ताजमहाल बांधला त्यातल्या सर्वात मोठ्या राज्याच्या धन्याची कबर उघड्यावर, मातीची, वर छप्पर नसलेली आहे. भोवतीचा संगमरवर नंतरचा, त्याच्या मरणानंतर दोनशे वर्षांनी आलेला. दख्खन जिंकायला तो १६८१ मध्ये उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला, दिल्ली पुन्हा न बघता. ही गोष्ट पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या अंगणात उभं राहून समजणं वेगळं.

काही लोक कबर वाचवायला म्हणतात की ती मराठ्यांच्या पराक्रमाची निशाणी आहे, म्हणून ठेवा. त्यांचा हेतू चांगला आहे. आपल्यातले काही म्हणतात की ती आपल्या बादशहाची आहे, म्हणून ठेवा. मला दोन्ही म्हणणी धोक्याची वाटतात. कारण मग इमारत कोणाच्या तरी अभिमानाच्या खांद्यावर उभी राहते. अभिमान बदलला की खांदा निघून जातो. उद्या कोणी म्हणेल, आमच्या पराक्रमाला या निशाणीची गरज नाही. मग काय करायचं? इमारत राखायची ती ती जुनी आहे, खरी आहे, एकदा गेली की परत बनत नाही म्हणून. एवढं कारण पुरेसं असलं पाहिजे. ते पुरेसं नसेल तर मलिक अंबरचं काय होणार? त्याच्या बाजूने अभिमान बाळगणारं कोणीच नाही.

हा मलिक अंबर हबशी. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत अहमदनगरला पोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जहांगीराच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षं दख्खनेत दमवलं. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. शहराला नहरीने पाणी आणलं. जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे मराठी मुलखात आठवली गेली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. दोघा भावांची नावं नगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवल्याचं आपण सगळेच ऐकत आलो आहोत. १६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे, जवळच पत्नी बीबी करीमाची. महाराष्ट्राच्या इतिहासात हा माणूस दिल्लीच्या विरुद्ध बाजूला उभा आहे, शहाजीराजांच्या सोबत उभा आहे. तरी त्याच्या घुमटाखाली पारवे आणि कोळशाचं बदाम. ज्यांना इतिहासाचं इतकं प्रेम आहे की ते एका कबरीसाठी कुदळ घेऊन निघतात, त्यांनी इथे कधी झाडू घेऊन यावं.

आता सरकारकडे वळते. प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा. केंद्राच्या यादीत देशभरात जेमतेम ३,७०० स्मारकं. एवढ्या मोठ्या, एवढ्या जुन्या देशात एवढीच. त्यातलीही सगळी जागेवर नाहीत. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा ९२ सापडलीच नाहीत. पुढे संसदीय समितीसमोर आकडा ५० वर आला. काही शहरांच्या वाढीत गडप झाली, काही धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणाच नाही. याच समितीसमोर आलं की ३,६९३ स्मारकांपैकी पहारेकरी फक्त २४८ वर आहेत. मार्च २०२४ मध्ये १८ स्मारकं यादीतून काढण्याची अधिसूचना निघाली. त्यात फरिदाबादजवळच्या मुजेसर गावातला एक कोसमिनार होता, म्हणजे मोगल रस्त्यावरचा मैलाचा दगड. किती उंच वस्तू असते ती! तीही हरवली. कोणी कुदळ घेऊन मोर्चा काढला नव्हता. एका दिवशी कोणीतरी बघितलं आणि ती नव्हती.

त्या निळ्या फलकावर लिहिलेलं असतं की नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खाली कोणीतरी मोबाईल नंबर खरडलेला असतो. फलक वाचून गावातल्या माणसाला एवढंच समजतं की ही इमारत सरकारची आहे, आपली नाही. २०१० मध्ये कायदा दुरुस्त झाला. स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. हेतू बरोबर होता, स्मारकाच्या उरावर टॉवर उभे राहू नयेत. पण लहान गावात १०० मीटर म्हणजे अर्धी गल्ली, आणि ३०० मीटर म्हणजे कधी कधी अख्खं गाव. पावसात कोणाची भिंत पडली तर दुरुस्तीसाठी अर्ज करायचा. तो अर्ज ग्रामपंचायतीच्या हातात नाही, तालुक्याच्याही नाही. ज्याला घराचा पत्रा बदलायला कागद लागतो, त्याच्या नजरेतून स्मारकाकडे बघा. त्याला तो वारसा दिसेल की नोटीस? सरसकट नियमाच्या या त्रासावर संसदीय समितीनेही बोट ठेवलं आहे. छोटी कबर आणि मोठा किल्ला यांना एकच दोरी लावल्याने दोघांचंही भलं झालेलं नाही.

दुसरा दोष यादीचा आहे. आपली यादी राजांची आहे. किल्ला, लेणं, मंदिर, मशीद, मकबरा. ज्या बारवेवर गाव तीनशे वर्षं पाणी प्यायलं ती बहुतेक वेळा यादीत नाही. मुसाफिरांची सराई, जुनी वेस, कागदाचा लगदा कुटायची जागा, निजामाच्या काळातली शाळा यांना कोण विचारतं? मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, इमारतींना श्रेणी दिल्या, लोक राहत असलेल्या चाळी आणि दुकानंही यादीत घेतली. अशी श्रेणीवार यादी गावाच्या वेशीपर्यंत क्वचितच आली.

इथे जरा लांबचं उदाहरण देते. इंग्लंडमध्ये पॅरिश नावाचं सर्वात लहान एकक असतं. मूळचा तो एका चर्चचा मुलूख, आज आपल्या ग्रामपंचायतीसारखा. खेड्यातल्या एखाद्या पॅरिशची संरक्षित इमारतींची यादी काढून बघा. चर्च असतंच. पण त्याबरोबर एखाद्या शेतकऱ्याचं घर, धान्याचं कोठार, कबुतरखाना, मैलाचा दगड, चर्चच्या आवारातली एखाद्या कसबी पाथरवटाने कोरलेली थडगी, कुठे गावपंप, कुठे लाल रंगाची टेलिफोनची खोकी. ही टेलिफोनची खोकीच देशभरात दोन हजारांहून जास्त यादीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत होते तेव्हा कोणती इमारत पाडू नये, कोणती सावरावी याच्या याद्या तिथे झाल्या. १९४७ च्या नियोजन कायद्याने त्याला पक्का पाया मिळाला. आज जवळपास चार लाख नोंदी आहेत. तीन श्रेणी आहेत आणि नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे साध्या माणसांच्या साध्या इमारती. लोक त्यांत राहतात, चुली पेटवतात, पोरं वाढवतात. बदल करायचा तर स्थानिक कार्यालयाची परवानगी लागते, न घेता केला तर गुन्हा. नवीन नोंद सुचवायला पदवी लागत नाही, कोणीही नागरिक अर्ज करू शकतो.

मी काही इंग्रजांची आरती करत नाही. आपली किती संपत्ती त्यांच्या संग्रहालयात बसली आहे ते मला माहीत आहे. तिथले घरमालकही खिडकी बदलू देत नाहीत म्हणून कुरकुर करतातच. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यादीत नाव घालताना इमारत कोणाची, तो माणूस भला होता की वाईट, हे विचारत नाहीत. ब्रिस्टल शहरात गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा होता, तो यादीत होता. जून २०२० मध्ये लोकांनी तो पाडला, ओढत नेला आणि बंदरात फेकला. त्यांचा राग मला समजतो, मलिक अंबरसारख्या विकल्या गेलेल्या माणसाच्या कबरीपाशी उभं राहिलं की जास्तच समजतो. पण पुढे काय झालं? तो पुतळा पाण्यातून काढून संग्रहालयात ठेवला, रंग उडवलेला होता तसाच, आडवा. रागसुद्धा पुराव्याचा भाग झाला. वस्तू राहिली म्हणून राग आणि व्यापार, दोन्हींची गोष्ट सांगता येते.

आता आपल्या माणसांकडे येते. इथपर्यंत वाचताना ज्यांनी मान हलवली त्यांनी जरा थांबून वाचावं.

कबर तोडायची भाषा झाली की आपण जागे होतो. पोस्ट टाकतो, निवेदन देतो, कोर्टाची भाषा करतो. एरवी आपण काय करतो? कोणत्याही जुन्या दर्ग्यात, गावच्या जुन्या मशिदीत जाऊन बघा. काळ्या दगडावर हिरवा ऑइल पेंट. कोरीव खांबाला चकचकीत फरशी, अगदी बाथरूमला लावतात तशी. फारसी शिलालेखावर चुन्याचे इतके थर की अक्षर बुजलं आहे. मेहराबीत खिळे ठोकून पंखे. दालनापुढे लोखंडी पत्र्याचं शेड, कारण उर्सला गर्दी होते. मग शेडला टेकून चादरीचं दुकान, दुकानाला टेकून दुसरं दुकान. कोणा तालेवार माणसाने देणगी दिली की मुतवल्लीला एकच सुचतं, फरशी बसवा. देणाऱ्याचं नाव संगमरवरावर कोरलं जातं, ज्या पाथरवटाने घुमट उभा केला त्याचा दगड त्याखाली जातो. यासाठी कोणी बाहेरून आलं नव्हतं. हे आपण केलं, सवाब समजून केलं.

त्यातलं शास्त्रही समजून घ्या, कारण नुसतं भावनेने सांगितलं तर कोणी ऐकत नाही. जुनं बांधकाम दगड आणि चुन्याचं. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो, भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या आत फुलतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटतो. दोन-तीन पावसाळ्यांत रंग फुगतो. आपण म्हणतो रंग खराब निघाला, आणि खरवडून पुन्हा लावतो. खरवडताना नक्षी जाते. ज्या कमिटीने हे केलं तिच्यावर कोणी गुन्हा दाखल करणार नाही. पण शे-दोनशे वर्षांची नक्षी एका उर्सच्या तयारीत गेली हे तर खरं आहे.

आणि दीनाचं म्हणाल तर कबर साधी ठेवायला आपल्याला सांगितलेलं आहे. कुरआन वारंवार सांगतो की जमिनीवर फिरा आणि आधी होऊन गेलेल्यांचं काय झालं ते बघा. बघायचं तर काही शिल्लक ठेवावं लागेल ना? आपण इबरतीच्या जागेचं बाजारपेठेत रूपांतर केलं. वर निम्म्या समाजाला आत येऊच दिलं नाही. कितीतरी दर्ग्यांत बायकांनी उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे. माझ्या विद्यार्थिनींनी जी इमारत आतून बघितलीच नाही ती उद्या त्या कशासाठी जपतील?

मालकीच्या भांडणाचंही तेच. पुरातत्त्व खातं म्हणतं आमचं, वक्फ म्हणतं आमचं. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीत संरक्षित स्मारकांवरच्या वक्फच्या घोषणेला धक्का देणारं कलम आलं आणि आपल्याकडे संताप झाला. संताप समजण्यासारखा आहे, कारण नमाज आणि फातिहाच्या जागेचा प्रश्न आहे. पण वक्फच्या ताब्यात असलेल्या जागांचं आपण काय केलं, कोणत्या जमिनी कोणाच्या सहीने गेल्या, हा प्रश्न आपल्या बैठकीत किती वेळा निघतो? खाजगीत सगळे बोलतात. माईक हातात आला की विषय बदलतो. पावसाचं पाणी मालकीचा कागद बघून घुमटात शिरत नाही.

मग करायचं काय? माझ्याकडे तीन मागण्या आहेत आणि तिन्हींना फार पैसे लागत नाहीत.

पहिली ग्रामपंचायतीकडे आणि नगरपंचायतीकडे. गावाची वारसा वही करा. साधं रजिस्टर. बारव, वेस, गढी, मंदिर, मशीद, दर्गा, समाधी, सराई, जुनी शाळा, वीरगळ, शिलालेख. प्रत्येकाचा फोटो, मोजमाप, जागा कोणाच्या नावावर आहे, आज कशी आहे, कोण बघतं. दरवर्षी एका ग्रामसभेत ती वाचा. जे वहीत आहे ते हरवलं तर हरवल्याचं समजेल तरी. मुजेसरच्या मिनाराची अशी वही गावात असती आणि दरवर्षी वाचली गेली असती, तर तो पडताना कोणीतरी ओरडलं असतं. आणि वहीत फक्त आपल्या जातीचं, आपल्या धर्माचं लिहू नका. मंदिरवाल्यांनी मशीद मोजावी, मशीदवाल्यांनी बारव. मोजताना हातात टेप धरायला दोन माणसं लागतातच.

दुसरी मागणी शासनाकडे. स्मारकाशेजारच्या घराची छोटी दुरुस्ती, पत्रा, गिलावा, संडास, याची परवानगी तालुक्यात मिळू द्या, ठराविक दिवसांत. स्मारकाच्या आकाराप्रमाणे आणि जागेप्रमाणे अंतर ठरवा. शेजारी राहणाऱ्याला शत्रू करून कोणताही पहारेकरी पुरणार नाही. पहारेकरी नाहीतच, हे तर आकड्यांनी दिसलं.

तिसरी आपल्या जमातीकडे. पुढच्या उर्सच्या आधी रंगाचा डबा उघडू नका. फरशी बसवण्याआधी एकदा जाणकाराला दाखवा, पुरातत्त्व खात्याला पत्र लिहा, जवळच्या कॉलेजच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलवा. एका जुम्याच्या नमाजनंतर चादरीऐवजी झाडू आणा, घुमटावर उगवलेली पिंपळाची रोपं लहान असतानाच काढा. मूळ दगडात शिरलं की मग घुमटच उघडावा लागतो. ज्यांना फारसी-उर्दू वाचता येतं त्यांनी शिलालेखाचे फोटो काढून मराठीत अर्थ लिहावा आणि तो गावातल्या सगळ्यांना वाचायला लावावा. आपण दोन भाषांची माणसं आहोत. या कामाला आपल्याइतकं योग्य कोण आहे? मोडी वाचणारे मराठी मित्र शोधा. त्यांच्याकडे दर्ग्याच्या इनामाच्या सनदा असतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

मला माहीत आहे, यावर दोन्हीकडून उत्तर येईल. एक म्हणेल, मॅडम, तुम्ही औरंग्याची बाजू घेतली. दुसरा म्हणेल, बाजी, या वातावरणात तुम्ही आपल्याच लोकांचे दोष का काढता, थोडं थांबायचं होतं. पहिल्याला माझं उत्तर वर दिलेलं आहे. दुसऱ्याला सांगते, वातावरण कधी बरं होतं? मी वीस वर्षं ऐकते आहे की आत्ता नको. तेवढ्या वर्षांत दोन-चार शिलालेख तरी चुन्याखाली गेले असतील. हल्ला होतो तेव्हा दोष लपवावेत हे मला पटत नाही. ज्या इमारतीची आपण स्वतः निगा राखली, तिच्यासाठी बोलताना आवाजात वजन येतं. ऑइल पेंट लावून कोर्टात वारसा वारसा ओरडलं तर समोरचा हसणारच.

त्या दिवशी बसमध्ये परतताना त्या नववीतल्या मुलीने मला वही दाखवली. घुमट बरा आला होता, एक कमान वाकडी झाली होती. खाली तिने लिहिलं होतं, मलिक अंबर, १६२६, कोणी भांडत नाही. मी लाल पेनाने कमान दुरुस्त केली आणि शेवटचे तीन शब्द तसेच ठेवले. पुढच्या वर्षी बस पुन्हा खुलताबादला जाईल. या वेळी मी सहकाऱ्यांना सांगणार आहे की दोन्ही कबरी बघायच्या, वहीत दोन्हींची मापं घ्यायची, आणि निघताना मलिक अंबरचा ओटा झाडून यायचं. चार झाडू लागतील, ते मी आणते.